बेत आखा आजीच्या पावलांनी!

बालदोस्तांनो, शनिवार-रविवार मुंबईला निघालात ना? मग वही काढा आणि काय काय बघायचं त्याची यादी करा. झाली वीस ठिकाणांची? आता त्यातली निम्मी खोडा! सगळंच बघायला धावलात, तर बघून होईल ती फक्त गर्दी.

आता नकाशा उघडा आणि जवळजवळची ठिकाणं एकत्र घ्या. शनिवारी गेटवे ऑफ इंडिया आणि तिथून लाँचने तासाभरावर घारापुरीची लेणी. रविवारी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि संध्याकाळी मरीन ड्राइव्हचा वारा. सगळं दक्षिण मुंबईत किंवा तिथून जवळच, म्हणजे प्रवासात दिवस जात नाही.

पण थांबा! घारापुरीला शंभरावर पायऱ्या आहेत. आजी बरोबर येणार असेल, तर आधी तिला विचारलंत का? तिचे गुडघे दुखत असतील, तर लेणी पुढच्या वेळी. संग्रहालय कसं बसत बसत बघता येतं. सगळ्यांत हळू चालणाऱ्याच्या पावलांनी बेत आखला, की कोणी दमत नाही, कोणी रुसत नाही.

आणखी दोन गोष्टी. रविवारी दुरुस्तीसाठी बऱ्याचदा लोकलचा मेगाब्लॉक असतो, तेव्हा आदल्या दिवशी चौकशी करा. आणि आईबाबांचा फोन नंबर चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा. चुकामूक झालीच, तर इकडे तिकडे पळू नका. आहात तिथेच थांबा, पोलिसांना चिठ्ठी दाखवा.

मग काय, पहिली सही आजीची घेताय ना?