कुलूप भक्कम, पण किल्लीचे काय?

लॅपटॉप दुरुस्तीला द्यायचा असतो आणि त्यात घराचा करारनामा, सगळ्यांची पॅन कार्डे, आईचे वैद्यकीय अहवाल, बँकेची कागदपत्रे असे सारेच ठेवलेले असते. कुणीतरी सुचवते, "फोल्डरला पासवर्ड लावून टाका." पासवर्ड लावायला बसले की पडद्यावर प्रश्न येतो : झिपक्रिप्टो की एईएस-256? घाईत जे आधीपासून निवडलेले असते, तेच राहू दिले जाते. चूक इथेच होते.

एईएस हा ब्लॉक सायफर आहे. तो फाईलचे 16-16 बाइटचे तुकडे पाडतो आणि किल्लीच्या साहाय्याने प्रत्येक तुकडा ओळखू न येईल असा बदलून टाकतो. बेल्जियमच्या दोन तज्ज्ञांनी तो तयार केला आणि 2001 मध्ये अमेरिकेने त्याला सरकारी मानक म्हणून मान्यता दिली. त्याआधीच्या डीईएसची किल्ली 56 बिटांची होती. 1998 मध्ये खास बनवलेल्या एका यंत्राने ती 56 तासांत शोधून काढली. एईएसची 128 बिटांची किल्ली अशी एकेक करून शोधणे आजच्या संगणकांनाही शक्य नाही. तेव्हा 128 घ्यावे की 256, या विचाराने झोप उडवून घेण्याचे कारण नाही. काळजी घ्यायची ती दुसऱ्याच गोष्टींची.

रंग बदलले, मोर तसाच

पैठणीच्या पदरावरचा मोर डोळ्यांसमोर आणा. हिरव्या धाग्याच्या जागी पिवळा आणि जांभळ्याच्या जागी लाल धागा घातला, तर रंग बदलतील. पण मोर काही लपणार नाही. ईसीबी नावाच्या पद्धतीत नेमके असेच घडते. तिथे सारख्या तुकड्याचे रूपांतर दर वेळी सारखेच होते.

त्याची किंमत अडोबी कंपनीच्या ग्राहकांनी मोजली. ऑक्टोबर 2013 मध्ये तिथली माहिती चोरीला गेल्याचे उघड झाले आणि बाहेर आलेल्या फाईलमध्ये सुमारे 15 कोटी नोंदी निघाल्या. पासवर्ड सांकेतिक रूपात होते, पण पद्धत ईसीबी होती. ज्यांचा पासवर्ड एक, त्यांचे सांकेतिक रूपही एक! त्यातच पासवर्ड आठवावा म्हणून लोकांनी लिहून ठेवलेल्या खुणा उघड्याच होत्या. एकाच पासवर्डाच्या अनेक खुणा शेजारी ठेवून वाचल्या की तो ओळखता येत होता. किल्लीची गरजच पडली नाही. सर्वांत जास्त वेळा, सुमारे 19 लाख नोंदींत, आढळला तो पासवर्ड होता 123456.

सीबीसी पद्धतीत प्रत्येक तुकडा आधीच्या सांकेतिक तुकड्यात मिसळून मगच बदलला जातो. संपूर्ण डिस्कसाठी वापरल्या जाणाऱ्या एक्सटीएसमध्ये तुकडा डिस्कवर कुठे आहे, त्यानुसार त्याचे रूप बदलते. दोन्हींत मोर दिसत नाही. कुठल्याही प्रोग्रामने पद्धत विचारली, तर ईसीबी तेवढी निवडू नका.

सेटिंग करताना

सेव्हन-झिप हा मोफत प्रोग्राम वापरत असाल, तर झिपऐवजी सेव्हन-झेड हा प्रकार निवडा. त्यात एईएस-256 आणि सीबीसी आपोआप येतात. झिपच हवी असेल, तर झिपक्रिप्टो बदलून एईएस-256 करा. झिपक्रिप्टोतील दोष 1994 मध्येच जाहीर झाला आहे. सेव्हन-झेडमध्ये फाईलींची नावेही लपवण्याची चौकट असते, तिच्यावर खूण करा. नाहीतर मजकूर वाचता आला नाही तरी 'आईची बायॉप्सी' हे नाव दुकानातल्या मुलाला दिसेलच.

व्हेराक्रिप्टमध्ये एकावर एक तीन सायफर लावण्याची सोय आहे. घरच्या कामासाठी एकटा एईएस पुरतो. तिन्हींमुळे वेग मात्र कमी होतो. तिथला पीआयएम हा आकडा पासवर्डापासून किल्ली बनवताना किती वेळा गणित करायचे ते ठरवतो. तो समजल्याशिवाय बदलू नका. बदललात तर पासवर्डाइतकाच तोही लक्षात ठेवावा लागतो.

पासवर्ड मात्र लांब हवा. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द चांगले. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष. नात्यातल्या कुणालाही हे ठाऊक असते. अशी फाईल बंद आहे असे समजून निर्धास्त राहू नका. आणि ज्या ईमेलने फाईल पाठवाल, त्याच ईमेलमध्ये पासवर्ड लिहू नका; तो फोनवर सांगा.

किल्ली हरवली तर

बँकेच्या लॉकरची किल्ली हरवली, तर बँक लॉकर फोडून देते. इथे फोडून देणारे कुणी नाही. पासवर्ड विसरलात, तर तुमच्याच फाईली तुम्हाला परक्या होतात. म्हणून बंद केलेली फाईल एकदा उघडून पाहा, मगच मूळ प्रत पुसा.

अनेक घरांत हे सगळे एकच माणूस सांभाळतो. उद्या तोच रुग्णालयात असला, तर विम्याचे कागद कोण उघडणार? पासवर्ड आणि बदललेला असल्यास पीआयएम कागदावर लिहा, पाकिटात बंद करून लॉकरमध्ये ठेवा आणि ते पाकीट कुठे आहे हे घरातील एका विश्वासू व्यक्तीला आजच सांगा. चोराला न उघडणारे कुलूप घरच्यांना तरी उघडता आले पाहिजे.