पीआरची गुणवत्ता यादी

कॅनडाचा पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, मिळाला तर पोरगा हुशार, हुकला तर कुठेतरी कमी पडला, असा निवाडा आपल्याकडे झटकन होतो. दहावी-बारावीच्या गुणवत्ता याद्यांवर पोसलेल्या मनाला तो पटतोही, कारण पीआरसाठी माणसं निवडणाऱ्या ‘एक्स्प्रेस एंट्री’ पद्धतीचं सगळं रूप परीक्षेचंच आहे. वय, शिक्षण, भाषा, अनुभव वगैरेंचे मिळून १२०० गुण आणि प्रत्येक फेरीचा वेगळा कट-ऑफ. पण हा कट-ऑफ हलतो कसा, ते पाहावं. १३ फेब्रुवारी २०२१ला, कोविडमुळे बाहेरून येणाऱ्यांची वाट अडली असताना, कॅनडात आधीच काम केलेल्यांसाठी तो थेट ७५वर आला आणि एका दिवसात २७,३३२ जणांना निमंत्रणं गेली. २०२४च्या सर्वसाधारण फेऱ्यांत तो ५२०च्या वर होता. त्याच वर्षी फेब्रुवारीअखेर फ्रेंच येणाऱ्यांसाठी मात्र ३३६. एवढ्या काळात अर्जदारांची अक्कल अशी वरखाली झाली नसणार. बदलली ती कॅनडाची निकड.

गुणांचा तक्ताही हेच सांगतो. एकट्या अर्जदाराला विसाव्यापासून २९व्या वर्षापर्यंत वयाचे ११० गुण, चाळिसाव्या वर्षी ५० आणि पंचेचाळिशीला शून्य. पंचेचाळिशीतला शल्यविशारद तिशीतल्यापेक्षा अडाणी असतो, असं कुणी म्हणणार नाही. त्याची कर भरायची वर्षं कमी उरलेली असतात, एवढंच. एखाद्या प्रांतानं नामांकन दिलं की एकदम ६०० गुण पदरात पडतात. आणि सर्वांत बोलका पुरावा म्हणजे, ज्या वैद्यकीय पदवीचे गुण मोजून डॉक्टरला देशात घेतलं, तेवढ्या पदवीवर त्याला तिथे रुग्ण तपासता येत नाही. त्यासाठी प्रांताच्या नियामक संस्थेचा परवाना लागतो आणि तो मिळवण्याची वाट वेगळी, बहुधा लांबची. पीआरचे गुण लायकीचा दाखला असते, तर ही दुसरी चाळणी लागलीच नसती.

यावर म्हटलं जाईल की नियम निदान उघड तरी आहेत, वंश पाहिला जात नाही. हे खरं आहे आणि मोलाचंही. १९१४मध्ये ‘कोमागाटा मारू’ जहाजातले बहुतेक हिंदी प्रवासी व्हँकूवरहून परत पाठवणाऱ्या देशानं १९६७मध्ये गुणपद्धती आणली, ही लहान गोष्ट नव्हे. अमेरिकेच्या ग्रीन कार्डाला जन्मदेशानुसार ७ टक्क्यांची मर्यादा आहे. तशी अट कॅनडात नाही. पण चाळणी निःपक्षपाती आहे म्हणून ती गुणवत्ताच मोजते, असं होत नाही. मग मेहनत वाया जाते का? मुळीच नाही. आयईएलटीएस या इंग्रजी चाचणीचा बँड वाढवला, फ्रेंच शिकली, तर रांगेत पुढे सरकता येतं. मात्र ती मेहनत फळते मागणी असेल तिथेच. ही एका राष्ट्राची नोकरभरती आहे. आपल्या सोयीनं माणसं निवडायचा त्याला पूर्ण अधिकार आहे, आणि म्हणूनच नाकारल्या गेलेल्यानं खाली मान घालायचं कारण नाही. २५ मार्च २०२५ला नोकरीच्या प्रस्तावाचे गुण सरकारनं काढून टाकले. ज्यांचे ५० किंवा २०० गुण त्या दिवशी उडाले, त्यांचं कसब होतं तेवढंच राहिलं. तेव्हा अर्ज भरणाऱ्यानं आपल्या गुणांच्या बेरजेआधी, त्या वर्षी किती जणांना पीआर द्यायचा याचं ओटावातल्या सरकारचं उद्दिष्ट वाचावं. २०२५साठी ते ५ लाख ठरलं होतं. ऑक्टोबर २०२४मध्ये ३ लाख ९५ हजारांवर आणलं गेलं.