रुळांखालचें वल्कल

गेल्या हिंवाळ्यांत चिरंजीवांकडे न्यू जर्सीस राहण्याचा योग आला. तेथें तळघरांत माझ्या दहा वर्षांच्या नातवानें आगगाडीची प्रतिकृति मांडावयास घेतली होती. माप एचओ नांवाचें, म्हणजे गाडी खऱ्या गाडीच्या ८७ व्या हिश्श्याएवढी. दोन रुळांतील अंतर अवघें १६.५ मिलिमीटर. निवृत्त शिक्षकास स्वस्थ बसवत नाहीं. मीं हातोडी घेतली आणि रूळ थेट प्लायवुडच्या फळीवर ठोकले. गाडी सुरू होतांच असा खडखडाट झाला कीं, वर स्वयंपाकघरांत सूनबाई दचकल्या! सतारीचा भोपळा तारेचा नाद वाढवितो, तशीच ती पातळ फळी चाकांचा आवाज वाढवीत होती.

यावर उपाय बुचाचा. बूच म्हणजे पोर्तुगालादि देशांतील एका ओकवृक्षाचें वल्कल. दर ९ वर्षांच्या सुमारास तें सोलून काढतात, तरी वृक्ष जिवंत राहतो. त्याच्या सुमारें ५ मिलिमीटर जाड व ३ फूट लांब पट्ट्या मिळतात. पट्टी मधोमध तिरपी चिरलेली असते. तिचे दोन भाग सुटे करून उतरती कड बाहेरच्या बाजूस ठेवावी. म्हणजे खऱ्या लोहमार्गाच्या खडीसारखा उतार साधतो. प्रथम फळीवर मध्यरेषा आंखावी व तिला लागून दोहों बाजूंस एकेक भाग गोंदानें चिकटवावा. अर्धी पट्टी अरुंद असल्यानें वळणावर सहज वांकते. दोन्ही बाजूंचे सांधे समोरासमोर येऊं देऊं नयेत. गोंद सुकेपर्यंत टांचण्या टोंचून ठेवाव्या. मग उंचवटे पॉलिश कागदानें घासावे.

हें सर्व मला नातवानें शिकविलें. तरीहि बुचावर रूळ बसवितांना मीं खिळे जोरानेंच ठोकले. स्लीपर मध्यभागीं दबले, रुळांतील अंतर कमी झालें आणि डबे घसरले. मुलगा रागावला नाहीं. हळूच म्हणाला, "आजोबा, खिळा ठोकायचा नसतो, नुसता टेकवायचा असतो."

३५ वर्षें मीं वर्गांत शब्दरूपें ठोकूनच बसविलीं. त्यापायीं किती मुलें संस्कृतापासून कायमचीं दुरावलीं असतील, याचा हिशेब आज कोणापाशीं मागावा? असो. ते खिळे आम्हीं दोघांनीं एकेक करून उपटले, आणि पुन्हां बसवितांना हातोडी मीं त्याच्या हातीं दिली.