विंडोज टाकणं सोपं, ही थाप आहे

"लिनक्स नको, टाकायला फार किचकट. विंडोज कसं सोपं!" हे मला ज्यांनी ज्यांनी ऐकवलं, त्यांतल्या बहुतेकांनी आयुष्यात एकदाही स्वतःच्या हाताने विंडोज टाकलेलं नाही. ते दुकानातूनच टाकून आलं. पुढे बिघडलं तेव्हा गल्लीतल्या पोराने पैसे घेऊन फॉरमॅट मारून दिलं. दुसऱ्याने निस्तरलेल्या कामाला सोपं म्हणू नका. तुलना करायची तर एक कोरी डिस्क आणि एक पेनड्राइव्ह घेऊन बसा, मग बोला.

विंडोज ११ घ्या. आधी तुमच्या यंत्राची लायकी तपासली जाते. टीपीएम २.० हवं, सिक्युअर बूट हवं, प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीतला हवा. २०१७ साली धडाक्यात विकलेले सातव्या पिढीचे इंटेल प्रोसेसर, एखाददुसरा अपवाद सोडला तर, त्या यादीत नाहीत. यातून पार पडलात की डिस्क निवडायची पायरी येते, आणि अकराव्या पिढीपासूनच्या कित्येक इंटेल लॅपटॉपांवर ती यादीच रिकामी दिसते. डिस्क जागेवर आहे, शाबूत आहे. पण बायोसमध्ये व्हीएमडी ही इंटेलची डिस्क हाताळायची व्यवस्था चालू असल्यामुळे इन्स्टॉलरला ती सापडत नाही. मग दुसऱ्या संगणकावर ड्रायव्हर उतरवा, तो सुटा करा, पेनड्राइव्हवर टाका आणि 'लोड ड्रायव्हर' दाबून दाखवा. हे तुमचं सोपं!

पुढे नेटवर्क. होम आवृत्तीत इंटरनेट सक्तीचं, मायक्रोसॉफ्टचं खातंही सक्तीचं. वायफायचा ड्रायव्हर नसला की 'नेक्स्ट' दबतच नाही. ड्रायव्हरसाठी नेट हवं आणि नेटसाठी ड्रायव्हर. यातून सुटायला जाणकार लोक शिफ्ट-एफ१० दाबून काळी खिडकी उघडायचे आणि बायपासएनआरओची आज्ञा टाइप करायचे. लिनक्सच्या नावाने ज्या काळ्या खिडकीची भीती घातली जाते, तीच ही खिडकी. २०२५मध्ये मायक्रोसॉफ्टने चाचणी आवृत्त्यांमधून हीही पळवाट काढून टाकली. माझ्या पैशाने घेतलेल्या यंत्रात शिरायला मी कंपनीकडे नाव का नोंदवायचं? हा निव्वळ उर्मटपणा आहे.

आता लिनक्स घ्या, उबुंटू किंवा मिंट. पेनड्राइव्हवरून आख्खी प्रणाली चालू होते, डिस्कला हात न लावता. वायफाय लागतं का, आवाज येतो का, टचपॅड चालतो का, सगळं आधी बघून घ्या. पटलं तर तिथूनच टाका. ही सोय उबुंटूत २००६च्या ६.०६ आवृत्तीपासून आहे. खातं नाही, प्रॉडक्ट की नाही. जुनं विंडोज शेजारी ठेवायचं की पुसायचं, हेही विचारलं जातं. विंडोजचा इन्स्टॉलर शेजारच्या लिनक्सची साधी दखलही घेत नाही.

मॅकला मी या तुलनेत धरतच नाही. यंत्रही ॲपलचं, प्रणालीही ॲपलची. तिथे सोपं नसतं तर लाजच होती.

लिनक्सवाल्यांनाही सोडणार नाही. मुक्त नसलेलं फर्मवेअर डेबियन या लिनक्सच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये यायला जून २०२३चं डेबियन १२ उजाडावं लागलं. तोवर कितीतरी लॅपटॉपांवर वायफाय मुकं राहायचं आणि नवखा माणूस तिथूनच परत फिरायचा. तत्त्व तुमचं आणि भुर्दंड त्याला, हे चूकच होतं. डिस्कचे भाग पाडण्याची पायरी तर आजही नवख्याला घाम फोडते. बॅकअप न घेता कोणीही तिथे बोट लावू नये.

पण १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला, आणि विक्रेते शाळा-संस्थांना विंडोज ११च्या अटींत न बसणारे धडधाकट संगणक भंगारात काढायला सांगताहेत. त्यांना कोटेशन मागण्याआधी एकच विचारा: याच संगणकावर मिंटचा पेनड्राइव्ह लावून पाहिलात का? नसेल लावला, तर तो तिथेच, तुमच्यासमोर लावायला सांगा.