सतरंजीवरचा योग

वैशाख सरून ज्येष्ठ लागेपर्यंत नागपुरावर सूर्याचा अंमल असा काही कडक चालतो, की पारा ४५ अंशांच्या घरात जाऊन बसला म्हणजे कचेऱ्या, बाजार आणि रस्ते दुपारभर त्याला शरण जातात, आणि माणसाला आपल्या मर्जीने खर्च करता येईल असा दिवसाचा एकच तुकडा हाती उरतो, तो पहाटेचा. अंबाझरीच्या नि तेलंगखेडीच्या बाजूने फिरायला निघालेली मंडळी या वेळी सर्वांच्याच नजरेस पडतात. पण त्याच सुमारास एखाद्या देवळाच्या सभामंडपात, एखाद्या वस्तीच्या समाजभवनात, क्वचित शाळेच्या रिकाम्या दालनात सतरंज्या अंथरून जे पंधरा-वीस स्त्रीपुरुष निमूटपणे हात वर करतात आणि खाली आणतात, त्यांच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. त्यांची वर्तमानपत्रात छायाचित्रे येत नाहीत, त्यांच्या अंगात एकसारखे सदरे नसतात, आणि शुल्क भरलेले नसल्यामुळे त्यांच्याजवळ पावतीही नसते. योगाविषयी आज जे बोलले जाते त्या साऱ्या गलबल्यात मला या सतरंजीची बाजू मांडायची आहे.

हा परिपाठ आकाशातून पडलेला नाही. जनार्दनस्वामी नावाच्या एका संन्याशाने १९५१ साली नागपुरात योगाभ्यासी मंडळ स्थापन केले, आणि रामनगरातील त्या मंडळाच्या आश्रयाने शहराच्या निरनिराळ्या मोहल्ल्यांतून विनामूल्य वर्ग चालविण्याची जी रीत पडली, ती स्वामींच्या पश्चात रामभाऊ खांडवे यांच्यासारख्या शिष्यांनी नेटाने पुढे चालविली. स्वामींच्या पुस्तकाचे नावच 'सुलभ सांघिक आसने' असे आहे, आणि त्या नावात त्यांचे अर्धे धोरण सामावलेले आहे. गुहेत बसून एकट्याने करावयाची दुष्कर साधना त्यांनी लोकांपुढे ठेवली नाही. कारकून, शिक्षक, दुकानदार आणि घरच्या कामातून तासभर सवड काढणारी गृहिणी यांना एकत्र, क्रमवार आज्ञांनी करता येईल अशी बेतशीर मांडणी त्यांनी केली. या वर्गांतून म्हटल्या जाणाऱ्या त्यांच्या श्लोकात योग कशासाठी करावा हे सांगताना समाधानाला अग्रमान दिला आहे, सौख्य त्याच्या मागोमाग येते, आणि निरोगीपणाचा क्रम तिसरा लागतो. अभ्यासाच्या अटी मात्र दोनच घातल्या आहेत: जो तो आपापल्या शक्तीनुसार, पण खंड न पाडता. पहिली अट अहंकाराला आवर घालते आणि दुसरी आळसाला. या दोहोंपलीकडे आणखी कोणते प्रवेशपत्र साधकाजवळ असावे, हे मला तरी सुचत नाही.

अशा एका वर्गात कानी पडलेला संवाद सांगण्याजोगा आहे. आसने आटोपून सारी मंडळी शवासनात पडली होती, बाहेर दूधवाल्याच्या कॅनचा आवाज येत होता, शेजारच्या घरातला कूलर रात्रभर घरघरून अजून थकलेला नव्हता, आणि नव्यानेच येऊ लागलेली एक प्रौढ बाई एक डोळा किलकिला करून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होती. वर्ग घेणाऱ्या बाईंच्या ते लक्षात आले. उठल्यावर त्या नवागत बाईने आपण होऊनच कबुली दिली: "काय करू बाई, डोये मिटले का भाजी कोणती करू हेच येते डोक्यात. ध्यान कुठचं लागते!" त्यावर शिक्षिका उत्तरल्या: "भाजीच आली हे समजलं ना तुम्हाले? मंग आज एवढंच." आणि त्या चपला शोधू लागल्या.

माझ्या मते आत्मभानाविषयीचे एक अख्खे प्रकरण या दोन वाक्यांत उरकले गेले होते. भाजीचा विचार त्या बाईंच्या मनात काही त्या दिवशी प्रथम आलेला नव्हता. गेली तीस वर्षे तो रोज पहाटे येत असेल. परंतु तो येतो आहे, आपण त्याला बोलाविलेले नाही, आणि आपण व तो विचार या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढे ध्यानात येण्यासाठी देह दहा मिनिटे स्वस्थ पडून राहावा लागला. पतंजलीच्या योगसूत्रांचा सारा रोख या निराळेपणाकडे आहे. पाहणारा एक आणि पाहिले जाणारे दुसरे, या दोहोंची एरवी गल्लत होते आणि तीच दुःखाची मूळ मिळकत आहे, असे त्या शास्त्राचे निदान आहे. दोनशेहून थोड्या कमी भरणाऱ्या त्या सूत्रांत आसनाविषयीची सूत्रे अवघी तीन आहेत, आणि त्यांतही अमुक पाय तमुक खांद्यावर न्यावा असा तपशील कोठेही नाही. बैठक स्थिर असावी, सुखाची असावी आणि तीत प्रयत्नाचा ताण ओसरावा, इतक्यावर मुनींनी तो विषय आटोपता घेतला. उरलेली सूत्रे मनाच्या हिशेबतपासणीला वाहिलेली आहेत.

आता दुसरे दृश्य पाहा. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने ११ डिसेंबर २०१४ रोजी ठराव संमत केला आणि २०१५ पासून २१ जून हा दिवस आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून जगभर पाळला जाऊ लागला. या दिवसामुळे ज्यांनी आयुष्यात कधी पाठीचा कणा ताठ केला नव्हता त्यांनीही एक सकाळ तो ताठ केला, याचे श्रेय नाकारण्याइतका मी कृपण नाही. पण हुकूम निघतो, खात्यांकडून संख्येचा अहवाल मागविला जातो, शाळेच्या मुलांना पहाटे रांगेत उभे केले जाते, व्यासपीठावरील पाहुण्यांसाठी जाड गाद्या आणि मैदानातील इतरांसाठी पातळ चटया येतात, आणि वृक्षासनात डोलणारा प्रत्येक जण छायाचित्रकार कोणत्या बाजूला उभा आहे याचा अदमास घेत असतो. पुढे डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने योगासनांना स्पर्धात्मक क्रीडाप्रकाराची मान्यता दिली. क्रीडा म्हणून ती गोष्ट उत्तमच आहे. लवचीक देहाचे कौतुक मल्लखांबावर होते तसे चटईवरही व्हावे. माझी हरकत खेळाला नाही, त्या खेळाने योगाची सनद मिरविण्याला आहे. स्पर्धेत गुण देणारा पंच बाहेर बसलेला असतो आणि त्याला दिसेल तेवढेच मोजले जाते. ज्या अभ्यासाचा सारा खटाटोप आतल्या पाहणाऱ्याला जागे करण्याचा आहे, त्याचा फैसला बाहेरच्या पाहणाऱ्यावर सोपविला म्हणजे मूळ दावाच निकालात निघतो. आपले आसन कसे दिसते आहे, ही एकच चिंता आसनात नसावी, आणि नेमकी तीच आपण मुलांना प्रथम शिकवीत आहो.

यावर व्यवहारी वाचक म्हणेल, की लोक येतात ते गुडघे दुखतात म्हणून, साखर वाढली म्हणून, झोप लागत नाही म्हणून. आत्मभानाची भाषा त्यांना कशाला ऐकवावी? आक्षेप रास्त आहे. महाराष्ट्रात योगाला प्रतिष्ठा मिळाली तीही देहाच्याच दारातून. जगन्नाथ गणेश गुणे, ज्यांना आपण स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखतो, त्यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम उभारले, त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढले, आणि क्ष-किरणांपासून दाबमापकापर्यंत जी साधने हाती आली ती घेऊन उड्डियान व नौली यांची कसून तपासणी केली. नौलीच्या वेळी आतड्यात जो ऋण दाब निर्माण होतो, त्याला त्यांनी आपले गुरू परमहंस माधवदास यांचे नाव दिले, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते: प्रयोगशाळेतील आकड्यावरही त्या मनुष्याने गुरूची मुद्रा उठविली. देहाची चिकित्सा त्यांना कमी प्रतीची वाटली नाही, पण ती शेवटची पायरीही वाटली नाही. खुद्द पतंजलीने चित्ताला विचलित करणारे जे नऊ अंतराय सांगितले आहेत, त्यांत व्याधीचा नंबर पहिला आहे. तेव्हा गुडघ्याची तक्रार घेऊन येणाऱ्या माणसाने चुकीचा दरवाजा ठोठावला असे कोणी म्हणू नये. मात्र गुडघा बरा होताच सतरंजी गुंडाळून घरी जाणाऱ्याने हेही ध्यानी ठेवावे, की नवांपैकी एक अंतराय हटला असून आळस, संशय, प्रमाद, विषयांची ओढ आदी आठ जण अद्याप वाड्यातच मुक्काम करून आहेत.

आणि अष्टांगांतील पहिली दोन अंगे, यम आणि नियम, त्यांचे काय? वर्गात ती कोणी फारशी शिकवीत नाही, कारण ती आज्ञेबरहुकूम करवून घेता येत नाहीत. रात्री बारा वाजता सावजीचा तर्रीदार रस्सा ओरपून पहाटे साडेपाचला भस्त्रिका करणारे आमच्या शहरात थोडे नाहीत. त्यांचे पोट त्यांना मिताहाराचा धडा आपण होऊन देते, म्हणून त्यांची मला काळजी नाही. काळजी आहे ती यमांची, कारण यम हे शेजाऱ्याशी संबंधित आहेत. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह हे पाच यम जैनांच्या पाच महाव्रतांत त्याच नावांनी येतात. बौद्धांच्या पंचशीलातील प्राणिहत्या, चोरी, व्यभिचार आणि असत्य यांपासून विरतीची चार शीले त्यांच्याशी जवळजवळ जुळतात. निराळे आहे ते पाचवे, मद्यापासून दूर राहण्याचे. दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लक्षावधी अनुयायांसह धम्म स्वीकारला तेव्हा पंचशील या शहराच्या रोजच्या उच्चारातला शब्द झाला. आज कळमेश्वरच्या बाजूला माहुरझरीजवळ धम्मनाग या विपश्यना केंद्रात लोक दहा-दहा दिवस मौन पाळून श्वासाचे आणि वेदनांचे निरीक्षण करतात. तिथे जे घडते ते रामनगरच्या शवासनात घडणाऱ्या गोष्टीचे जवळचे नातलग आहे. तत्त्वज्ञान भिन्न आहे, आत्म्याच्या प्रश्नावर तर दोन्ही पक्षांचा उभा दावा आहे, आणि तो मिटविण्याची मुखत्यारी माझ्याकडे नाही. पण पहाटे उठून स्वतःच्या मनाची झडती घेणारे दोन समाज एकाच शहरात अर्ध्या शतकाहून अधिक काळ नांदत असावेत, आणि एकमेकांच्या सतरंजीवर त्यांनी क्वचितच बसावे, ही गोष्ट मला खटकते. शेजारी बसलेल्याचे आडनाव कळेपर्यंत ज्याचे चित्त स्वस्थ होत नाही, त्याने कुंभक कितीही लांबविला तरी पहिला यम त्याच्यापासून कोसभर दूरच राहील.

आध्यात्मिक उन्नती हा शब्द मी आतापर्यंत मुद्दाम टाळला, कारण त्याच्या नावावर फार उधारी चालते. ज्ञानेश्वरांनी सहाव्या अध्यायात कुंडलिनीचा प्रवास ज्या ऐश्वर्याने वर्णिला आहे तो वाचून मराठी वाचकाचे मन सातशे वर्षे थक्क होत आले आहे, आणि त्याच वर्णनाच्या आधारे आपल्याही पाठीच्या कण्यात काहीतरी सळसळले असे सांगणारे दर पिढीत निघत आले आहेत. त्यांच्या अनुभवाची जबानी घेण्याचा मला अधिकार नाही. परंतु भ्रांतिदर्शन, म्हणजे नसलेले दिसणे, हाही त्या नऊ अंतरायांतलाच एक आहे, आणि सिद्धी या समाधीच्या वाटेतील अडथळे आहेत असे पतंजलीने स्वच्छ नोंदविले आहे. उन्नतीचा दाखला कोणाकडून घ्यायचाच असेल तर तो घरच्या माणसांकडून घ्यावा. वर्षभर वर्गाला जाणाऱ्या गृहस्थाच्या पत्नीला विचारावे, की पूर्वी भाजीत मीठ कमी पडल्यावर ताट सरकविण्यास जेवढा वेळ लागत असे, तेवढाच अजून लागतो, की मध्ये एखादा श्वास येऊन जातो? तो एक श्वास आला असेल, तर अभ्यास फळला. कुंडलिनीचे पुढचे पुढे.

आता सरकारदरबारी आणि पालिकेत योगाविषयी ज्यांना आस्था आहे त्यांच्यापुढे एक छोटी अर्जी. व्यासपीठ, मंडप, गालिचे, ध्वनिक्षेपक यांची या कामी काही गरज नाही. वर्ग चालविणारे मोबदला मागत नाहीत आणि येणारे शुल्क देत नाहीत, त्यामुळे खर्चाचा प्रश्नही उद्भवत नाही. अडते ते जागेपाशी. देवळाच्या सभामंडपात सर्वांनाच मोकळेपणी येववत नाही, मोकळ्या बागेत आषाढापासून चिखल होतो, आणि ज्या भागात बायकांना पहाटेच्या अंधारात एकटे जाणे कठीण वाटते त्या भागातच वर्गाची आवश्यकता अधिक असते. वस्तीवस्तीतल्या शाळांची सभागृहे मात्र पहाटे कुलुपात असतात. ती रोज साडेपाच ते सात उघडावीत, दिवा आणि पाण्याची सोय असावी, उत्तर नागपुरातही असावी आणि दक्षिण नागपुरातही, आणि किल्ली कोणाजवळ राहील याचा लेखी हुकूम निघावा, म्हणजे चौकीदाराला रोज विनवावे लागणार नाही. किती जण आले याचा तक्ता मात्र मागवू नये.