बिनपगारी नोबेल

मारिया गॉपर्ट-मायर १९३० मध्ये जर्मनीतल्या गॉटिंगेनला पीएचडी झाली आणि नवऱ्याबरोबर अमेरिकेला गेली. नवरा-बायको दोघांना एकाच विद्यापीठात नोकरी नाही, असा तिथला नियम! त्याला प्राध्यापकपद, हिला किरकोळ मदतनिसाचं काम. पुढे शिकागो विद्यापीठातही ती बिनपगारीच. तरी १९४९ मध्ये तिने शेल मॉडेल मांडलं. २, ८, २०, २८, ५०, ८२ किंवा १२६ प्रोटॉन वा न्यूट्रॉन असलेलं अणुकेंद्रक जास्त स्थिर का, ते कळलं. पूर्ण पगाराचं प्राध्यापकपद मिळालं १९६० मध्ये, नोबेल १९६३ मध्ये.

अशा बाईला ‘त्यागमूर्ती’ म्हणायची आपल्याला भारी हौस. मला विचाराल तर तिला चक्क फुकट राबवलं! मित्रांनो, ‘मुलींना कशाला पॅकेज, लग्नच तर करणार’ म्हणण्याआधी हा हिशोब जरा मांडून बघा.