सुई मिनिटाची, फेरा दिवसाचा

मधुमेह डोळ्याचा पडदा पोखरतो तेव्हा दुखत-खुपत नाही. म्हणूनच उशीर होतो. पडद्याची सूज उतरवायला डोळ्यात इंजेक्शन देतात. भूल थेंबांची, औषध अवघे 0.05 मिली, काम काही मिनिटांचे. पण सुरुवातीला ते दरमहा घ्यावे लागते. गंगापूरच्या रुग्णाला त्यासाठी सहसा संभाजीनगर गाठावे लागते. बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांनी काही तास धूसर दिसते, म्हणून सोबतीला माणूस हवा. दोघांची मजुरी बुडते. मग पुढच्या डोसला दांडी पडते आणि सुधारलेली नजर पुन्हा खालावते.

स्वस्त पर्याय आहे. मूळ कर्करोगावरचे बेव्हासिझुमॅब वृद्धांच्या पडदाविकारात महागड्या रॅनिबिझुमॅबइतकेच गुणकारी असल्याचे अमेरिकेतील चाचणीने 2011 मध्ये दाखवले. मात्र एका कुपीतून अनेक डोस काढताना निर्जंतुकीकरणात हयगय चालत नाही.

तालुक्यातच मधुमेहींच्या पडद्याची वार्षिक तपासणी आणि संभाजीनगरच्या शासकीय घाटी रुग्णालयात इंजेक्शनचा ठरलेला वार व पुरेसा औषधसाठा, एवढी हमी शासनाने द्यावी. गेलेली नजर कोणत्याही अनुदानाने परत येत नाही.